गेलेल्या राखणदाराच्या खुणा
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसबाईंनी माझा विषय जाहीर केला तेव्हा काहीजणींच्या कपाळाला आठ्या पडल्या, हे मी इथून पाहिले. काढून टाकलेल्या अँटिव्हायरसचे मागे राहिलेले अवशेष, हा काही हळदीकुंकवाला शोभणारा विषय नव्हे, हे मलाही मान्य आहे. परंतु मंडळाचे सारे हिशेब, सभासदांची यादी आणि बँकेचा व्यवहार आता कार्यालयातल्या त्या संगणकावर चालतो. आणि गेल्या मार्गशीर्षात तो चांगले पंधरा दिवस राखणीवाचून उघडा होता. तेव्हा बोलणे भाग आहे.

झाले ते असे. संगणक घेतला तेव्हा एका कंपनीचा अँटिव्हायरस त्यात वर्षभरासाठी फुकट आला होता. मुदत संपली, 'पैसे भरा' अशी पाटी रोज झळकू लागली, म्हणून खजिनदारबाईंनी तो रीतसर काढून टाकला. पुढे सहज मी 'विंडोज सिक्युरिटी' उघडून पाहते, तो राखणदार म्हणून त्या गेलेल्याचेच नाव! आणि विंडोजचा स्वतःचा 'डिफेंडर' स्वस्थ झोपलेला.

यात डिफेंडरचा बिचाऱ्याचा दोष नाही. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ सालापासून, तो विंडोजबरोबरच येतो. दुसरा अँटिव्हायरस घातला की तो आपले नाव विंडोजच्या दप्तरी नोंदवतो आणि डिफेंडर बाजूला होतो. कारण दोघांनी एकच फाइल एकाच वेळी तपासायला धरली तर नुसती ओढाताण होते आणि यंत्र मंदावते. पाहुणा गेला की नोंद पुसली जावी आणि डिफेंडरने पुन्हा पहाऱ्यावर उभे राहावे, अशी योजना आहे. पण नोंद तशीच राहिली तर विंडोजला वाटते, दारात कोणीतरी आहे. दारात मात्र नुसता डगला टांगलेला!

आपण विचाराल, हा एकच प्रोग्राम असा मागे का रेंगाळतो? अहो, तो इतर प्रोग्रामांसारखा माजघरापर्यंत येऊन थांबत नाही. त्याचे ड्रायव्हर विंडोजच्या अगदी गाभ्यात बसतात आणि उघडणारी प्रत्येक फाइल आधी त्यांच्या नजरेखालून जाते. शिवाय व्हायरसने आपल्याला उपटून टाकू नये म्हणून तो स्वतःच्या फाइलींना हात लावू देत नाही. म्हणून काढण्याचे निम्मे काम पुढच्या 'रिस्टार्ट'पर्यंत शिल्लक राहते. इथे एक बारीक गोष्ट आहे, ती अवश्य लक्षात ठेवा. 'शट डाउन' करून सकाळी पुन्हा सुरू करणे म्हणजे रिस्टार्ट नव्हे. विंडोज १० आणि ११ मध्ये बहुधा 'फास्ट स्टार्टअप' चालू असते. त्यामुळे गाभा बंद न होता डिस्कवर जसाच्या तसा साठवला जातो आणि सकाळी तोच परत येतो. रिस्टार्ट केले तरच तो नव्याने भरला जातो.

आता काढायचे कसे? आधी अँटिव्हायरसच्या 'क्वारंटाइन'मध्ये आपली एखादी कामाची फाइल अडकली नाही ना, ते पाहावे. एरवी तीही त्याच्याबरोबर जायची. मग 'सेटिंग्ज'मधून अनइन्स्टॉल करावे आणि लगेच रिस्टार्ट. एवढ्याने भागले नाही तर त्या त्या कंपनीचे खास काढणीयंत्र असते. मॅकॅफीचे एमसीपीआर आहे, अव्हास्टचे अव्हास्ट क्लिअर आहे; नॉर्टन, ईसेट, कॅस्परस्की यांचीही आहेत. ते कंपनीच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्यावे. शोधताना वर जाहिरात दिसते तिला भुलू नये. काही यंत्रे 'सेफ मोड'मध्ये चालवावी लागतात: शिफ्ट दाबून धरून रिस्टार्ट, पुढे 'स्टार्टअप सेटिंग्ज'मध्ये ४ चा आकडा. मात्र पुष्कळ नव्या लॅपटॉपांची डिस्क कुलूपबंद असते आणि अशा वेळी ४८ आकड्यांची बिटलॉकर किल्ली मागितली जाते. ती आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते; आधीच कागदावर उतरवून ठेवा.

आपले काम या काढणीयंत्राने दहा मिनिटांत झाले. 'माझे रक्षण कोण करतो आहे?' अशा अर्थाचा प्रश्नच विंडोज सिक्युरिटीच्या पानावर इंग्रजीत छापलेला असतो. त्याखाली आता डिफेंडरचे नाव आहे, ते मी पुन्हा पुन्हा पाहिले.

हाताने फोल्डर पुसत बसण्याच्या मात्र मी विरुद्ध आहे. रजिस्ट्रीत ड्रायव्हरची नोंद राहिली आणि फाइल तेवढी पुसली, तर कधी इंटरनेट बंद पडते, कधी यंत्र सुरूच होत नाही. 'रजिस्ट्री क्लीनर' म्हणून फुकट वाटले जाणारे प्रोग्राम तर दारातही उभे करू नयेत. खुद्द मायक्रोसॉफ्टही त्यांची शिफारस करीत नाही. प्रोग्रामडेटात एखादा रिकामा फोल्डर राहिला तर राहू द्या. तो काही खायला मागत नाही.

दोन खुणा मात्र संगणक साफ करूनही जात नाहीत. 'तुमच्या यंत्रात पाच व्हायरस आहेत' अशा पाट्या कोपऱ्यात येतच राहिल्या, तर त्या बहुधा ब्राउझरच्या असतात; कुठल्याशा साइटला आपणच 'अलाऊ' म्हटलेले असते. ब्राउझरच्या 'नोटिफिकेशन्स'मध्ये जाऊन ती परवानगी काढून घ्यावी. त्या पाटीवरच्या नंबराला फोन मात्र कदापि करू नये. पैसे गेलेच, तर १९३० या सरकारी क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

दुसरी खूण पैशाची. प्रोग्राम काढला म्हणून वर्गणी बंद होत नाही! कार्डावर आपोआप नूतनीकरण ठेवलेले असेल तर पुढच्या वर्षीही रक्कम जाते. रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासूनच्या नियमानुसार अशी रक्कम कापण्यापूर्वी निदान २४ तास आधी बँकेची सूचना यावी लागते. तो संदेश जाहिरात समजून पुसू नका. त्यातूनच ती कापणी थांबवता येते.

दर बुधवारी दुपारी तीन ते पाच मी कार्यालयात असते. ज्यांना आपला लॅपटॉप तपासून हवा असेल त्यांनी चार्जर आणि पासवर्ड दोन्ही बरोबर आणावेत. गेल्या खेपेला तिघीजणी पासवर्ड मुलाला विचारायला परत गेल्या होत्या.