आधी फडताळ, मग बाजार

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



मंडळाच्या वर्धापनदिनाला मी दरवर्षी येते, ती समोर सतरंजीवर बसून ऐकायला. आज प्रथमच उभी राहून बोलते आहे. चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "पाककृतींच्या स्पर्धा पुष्कळ झाल्या. यंदा काटकसरीच्या स्वयंपाकावर कुणी तरी बोलावे." मी म्हटले, "मी साधी गृहिणी, मी काय बोलणार?" त्या म्हणाल्या, "म्हणूनच तुम्ही बोला." तेव्हा माझ्याकडून व्याख्यानाची अपेक्षा नसावी. संसारात ठेच लागली आणि त्यातून जे शहाणपण आले, तेवढेच सांगणार आहे.

आपल्या सोलापुरात साठवण कुणाला शिकवायला नको. माघ-फाल्गुनात ज्वारी आली, की आपण ती उन्हे देऊन, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवतो. मंगळवेढ्याच्या मालदांडीला आज भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण तिची योग्यता आपल्या आज्यांना आधीपासून ठाऊक होती. आपली कडक भाकरी ही तर साठवणच. वर्षाचे तिखट, शेंगदाण्याची चटणी, वाळवणे आपण करतोच, आणि आता त्यात फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्याची भर पडली आहे. मग अडते कुठे? आपण भरतो पुष्कळ, पण भरलेले पाहत नाही. मी स्वतः तशीच होते, म्हणून हे म्हणण्याचा मला अधिकार आहे.

गोष्ट 2020 सालची. 25 मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. आमचे हे एका लहानशा कारखान्यात हिशेब लिहीत असत. कारखान्याला कुलूप लागले. पहिल्या महिन्याचा पगार निम्मा आला, पुढचे दोन महिने आलाच नाही. घरात आम्ही पाच माणसे. सासूबाई 84 वर्षांच्या, मुलगी कॉलेजात, मुलगा दहावीला. त्याचा भूगोलाचा पेपर त्या वर्षी राहिला तो राहिलाच, तुम्हांला आठवत असेल.

ज्वारी नुकतीच भरून झाली होती. फडताळात खालपासून वरपर्यंत डबे होते. माझी समजूत, की घर भरलेले आहे. पहिले आठ दिवस सुटीसारखे गेले. कांद्याची भजी झाली, साबुदाणेवडे झाले, शेंगापोळ्या झाल्या. नवव्या दिवशी तुरीच्या डाळीचा डबा काढला तर तळाशी दीड किलो डाळ. रव्याला जाळी लागलेली. साबुदाण्याच्या तीन वेगवेगळ्या पुड्या, तिन्ही अर्ध्या फोडलेल्या.

बर्फाच्या कप्प्याची तर शोभाच होती. आत नुसते पांढरे गोळे, कशावर नाव नाही की तारीख नाही. ओले खोबरे म्हणून एक गोळा मी उकळत्या आमटीत सोडला. तो निघाला खरवसाचा चीक! आमटी फाटली, मुले हसली, मीही हसले. पण रात्री मला झोप आली नाही. पाच माणसांची आमटी वाया गेली होती आणि पगाराचा पत्ता नव्हता.

त्या दिवसापासून मी काटकसर सुरू केली. कशी, ते सांगायला आज लाज वाटते, पण सांगते. मी माझ्या ताटापासून सुरुवात केली. वरण सर्वांना वाढायचे, आपण भाकरी, चटणी आणि वर पाणी. कुणाला सांगितले नाही. यांना आधीच घोर लागलेला, त्यात आणखी भर कशाला, असे वाटे. पंधरा-सोळा दिवस असे गेले. एका सकाळी भाकरी थापता थापता मला भोवळ आली आणि मी काटवटीवरच ओणवी झाले.

मला खाटेवर निजवले. सासूबाई उशाशी बसल्या. म्हणाल्या, "चार दिवस मी तुझं ताट बघतेय. तुझ्या ताटात वरण पडत नाही. अगं, डब्यातलं वाचवायचं असतं, पोटातलं नव्हे."

भगिनींनो, हे वाक्य मी विसरलेले नाही. सासूबाईंनी 1972 चा दुष्काळ अंगावर काढला होता. त्या वेळी त्या 36 वर्षांच्या होत्या. दुष्काळी कामावर खडी फोडली, रेशनवर मिळणाऱ्या अमेरिकेच्या तांबड्या मिलोच्या भाकरी खाल्ल्या, सुकडी खाल्ली. त्या सांगत, त्या साली घरोघरी बायकाच आधी अंथरुणाला लागल्या, कारण शेवटची भाकरी नेहमी त्यांची कमी होई. दिवस बदलले तरी आपली ही सवय गेलेली नाही. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या 15 ते 49 वयाच्या दर 100 स्त्रियांत 57 जणी रक्तक्षयी आढळल्या. काटकसरीचे कौतुक करताना हा आकडा आपण विसरता कामा नये.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी सगळ्या घराला कामाला लावले. स्वतः खुर्चीवर बसल्या. मुलगा डबे खाली काढी, मुलगी वजन करी. "हिशेबनीस, तुम्ही वही घ्या," असे त्यांनी लेकाला फर्मावले. जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब लिहिणाऱ्या माणसाने घरातल्या डब्यांचा हिशेब त्या दिवशी पहिल्यांदा लिहिला. रकाने तीन: जिन्नस, शिल्लक, आणि किती दिवस पुरेल.

या तिसऱ्या रकान्याने आमचे डोळे उघडले. पाच माणसांना दोन्ही वेळच्या भाकरीला दिवसाला साधारण किलोभर पीठ लागते. ज्वारी 45 किलो होती, म्हणजे 45 दिवसांची चिंता नाही. डाळ-कडधान्य दिवसाला 200 ग्रॅम धरले. तुरीची डाळ दीड किलो, म्हणजे आठवड्याचीच. पण मटकी निघाली 3 किलो, हुलगे 2, बेसन 2 आणि मसूर दीड किलो. सगळे मिळून 10 किलो. म्हणजे 50 दिवस! शेंगदाणे आणि भगर निराळी.

मी खाटेवरून ऐकत होते. मला रडू आले. घरात 50 दिवसांचे कडधान्य असताना मी अर्धपोटी राहत होते, कारण मी एकट्या तुरीच्या डब्यात डोकावले होते. तुरीचे वरण म्हणजेच जेवण, असे मनाने घेतले होते. मागच्या रांगेतले हुलगे मला दिसलेच नव्हते.

त्या दिवसापासून आमच्या घरी एक नियम झाला. आधी फडताळ पाहायचे, मग बेत ठरवायचा, आणि मग बाजाराची यादी करायची. पूर्वी मी उलटे करी. बाजारात जाई, दिसेल ते आणी, आणि मग त्याचे काय करावे याचा विचार करी. बेत आठवड्याचा ठरवावा. आमचा एक आठवडा नमुन्यादाखल सांगते. सोमवारी मोडाच्या मटकीची उसळ. मंगळवारी चकोल्या, त्यात डाळही आली आणि पोळीही आली. बुधवारी पिठले. गुरुवारी मसुराची आमटी आणि भात. शुक्रवारी हुलग्याच्या पिठाची शेंगोळी. शनिवारी मटार घालून खिचडी. रविवारी भगर आणि शेंगदाण्याची आमटी. सात दिवसांत तुरीची डाळ दोनदाच लागली, आणि कुणी कंटाळलेही नाही.

यात आरोग्यही सांभाळले जाते. ज्वारीच्या प्रथिनांत जे उणे असते ते डाळ-कडधान्य भरून काढते. म्हणून भाकरीसोबत रोज काही तरी डाळीचे हवेच, आणि ते वाढणारीच्या ताटातही हवे. कडधान्यातले लोह अंगी लागावे म्हणून वर लिंबू पिळावे, आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये, चहाने ते लोह नीट शोषले जात नाही. चहाच्या बाबतीत मला स्वतःला हे फार जड गेले, हे कबूल करते!

भाजी आठवड्यातून एकदाच आणावी, पण ती क्रमाने वापरावी. पहिले दोन दिवस पालेभाजी, मग वांगी, दोडका, भेंडी. त्यानंतर कोबी, दुधी. शेवटी कांदे-बटाटे आणि बर्फाच्या कप्प्यातला मटार. हा क्रम मोडला की मेथी पिवळी पडते आणि पैसे केरात जातात.

आता बर्फाच्या कप्प्याविषयी. सासूबाई त्याला "थंड कोठी" म्हणत. थंडीत मटार स्वस्त असतो तेव्हा सोलावा. उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटे टाकून लगेच गार पाण्यात काढावा, निथळून, कोरडा करून लहान पिशव्यांत भरावा. नुसता कच्चा ठेवला तर त्याचा रंग आणि चव हळूहळू उतरते. खवलेले ओले खोबरे एकदाच मोठ्या डब्यात ठेवू नये, दोन दिवसांना पुरेल एवढ्या लहान डब्यांत ठेवावे. लिंबे स्वस्त असताना रस काढून बर्फाच्या साच्यात गोठवावा. मोडाची मटकी एका वेळेपुरती पुडी करून ठेवावी, आयत्या वेळी फार उपयोगी पडते. काकडीसारख्या पाणीदार भाज्या मात्र गोठवू नयेत. आतल्या पाण्याचा बर्फ होताना भाजीचे कण फुटतात आणि बाहेर काढली की ती लिबलिबीत होते.

दोन गोष्टी मात्र जपाव्यात. थंडीने जंतू मरत नाहीत, ते नुसते निजतात. म्हणून एकदा विरघळलेला पदार्थ पुन्हा गोठवू नये, त्याच दिवशी शिजवून संपवावा. आणि आपल्याकडच्या वैशाखात वीज गेली की कप्पा उघडून पाहण्याचा मोह आवरावा. बंद राहिला तर तो बराच वेळ थंडी धरून ठेवतो, भरलेला असेल तर अधिकच. तरीही सगळी भिस्त त्याच्यावर ठेवू नये. विजेवर चालणारी कोठी ही दुय्यम कोठी, डब्यांची कोठी ती खरी.

प्रत्येक पुडीवर नाव आणि तारीख हवीच. सासूबाईंनी फडताळाच्या दाराला आतून कागद चिकटवायला लावला. काढले की खोडायचे, भरले की लिहायचे. जुने पुढे, नवे मागे. हा कागद घरातल्या सर्वांनी वाचायचा. काय शिल्लक आहे हे एकट्या बाईलाच ठाऊक असले, की काळजीही एकटीचीच होते आणि कपातही एकटीच्याच ताटात होते. कागद दारावर लागला आणि आमच्या मुलाने आपण होऊन दुसरी शेंगापोळी मागणे सोडले. त्याला कुणी काही म्हटले नव्हते.

त्या तीन महिन्यांत आम्ही कर्ज काढले नाही आणि कुणी उपाशी राहिले नाही. पुढे पगार सुरू झाला तरी पद्धत सोडली नाही. पूर्वी वाण्याचे बिल महिन्याला साडेसहा हजार होई, ते साडेचार हजारांवर आले. उरलेल्या पैशांतून मुलीच्या कॉलेजची फी भरली.

सासूबाई 2022 च्या पावसाळ्यात गेल्या. त्यांच्या मागे बर्फाच्या कप्प्यात आमरसाचा एक डबा राहिला. त्यावर त्यांच्याच थरथरत्या अक्षरात "आमरस, मे" असे लिहिलेले होते. मुले म्हणत, "आई, हा नको काढू." मलाही धीर होईना. दिवाळीपर्यंत तो तसाच राहिला. मग एके दिवशी मनात आले, जुने आधी संपवावे हा त्यांचाच तर नियम. डबा काढला, पुरणपोळ्या केल्या, आणि रस पाच वाट्यांत वाढला. पाचवी वाटी कामाला येणाऱ्या बाईंची. माझीही वाटी त्यात होती आणि ती इतरांच्याएवढीच भरलेली होती.

भगिनींनो, आज घरी गेल्यावर सगळे फडताळ उपसू नका. फक्त मागच्या रांगेतले पाच डबे पुढे घ्या. त्यांत काय आहे आणि ते किती दिवस पुरेल एवढे एका कागदावर लिहा आणि घरातल्या माणसांना वाचून दाखवा. उद्याचा बेत त्यातूनच निघेल. आणि तो वाढताना आपले ताट विसरू नका.