लिंक खरी, सांगावा खोटा
(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

  मी बचत गटाची सहयोगिनी. गावोगावच्या बैठकांना जाते, हिशेबाच्या वह्या तपासते, बँकेच्या कामात मदत करते. आज मला बोलायचं आहे शेअर बाजाराच्या मेसेजबद्दल.

आता काही जणी म्हणतील, शेअर बाजाराशी आमचा काय संबंध? आमचा बाजार सोमवारचा, भाजीचा. पण बायांनो, तुमचा संबंध नसला तरी मेसेज येतोच. तुमच्या फोनवर येतो, कॉलेजला जाणाऱ्या मुलाच्या फोनवर येतो, घरधन्याच्या फोनवर येतो. ‘अमुक कंपनीचा शेअर आज १८ रुपयांना आहे, महिन्याभरात ५० होणार, आजच घ्या.’ आणि खाली निळ्या अक्षरात एक लिंक.

लिंकपासून सावध राहायचं हे आता आपल्या बायकांना पाठ झालंय. अनोळखी लिंक उघडायची नाही, ओटीपी द्यायचा नाही, कुणी पाठवलेलं ॲप फोनमध्ये घ्यायचं नाही. हे चांगलंच आहे, ते सोडू नका. पण आज मी सांगते ती गोष्ट वेगळी आहे. या मेसेजमधली लिंक खरी असते. उघडली तर ती खरोखर शेअर बाजाराच्या वेबसाइटवर जाते, नाहीतर एखाद्या नामांकित वर्तमानपत्राच्या पानावर. तिथे त्या कंपनीचं नाव असतं, आजचा भाव असतो. फोनमध्ये विषाणू येत नाही, खात्यातून पैसे जात नाहीत. आणि नेमकी तिथेच आपण फसतो.

एका गावच्या बैठकीत असंच झालं. एका ताईनं पिको मशीनसाठी १५ हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं होतं. बैठकीत म्हणाली, मशीन नंतर घेते, आधी या शेअरमध्ये घालते, महिन्यात दुप्पट होतील. मेसेज तिनं सगळ्यांना दाखवला. कुणीतरी म्हणालं, फसवणूक असेल. तर ती म्हणाली, ‘मी पोराला लिंक तपासायला लावली. ती शेअर बाजाराचीच साइट आहे. खोटं असतं तर खरी साइट कशी उघडली असती?’

तिचा प्रश्न बावळटपणाचा नव्हता. लिंक तपासा असंच आपण सांगत आलो, तिनं तपासली. मग चुकतंय कुठे?

मी तिला विचारलं, ताई, त्या पानावर काय लिहिलंय? कंपनीचं नाव. आणखी? आजचा भाव, १८ रुपये. आणखी? कालचा भाव. महिन्यात ५० होणार असं त्या पानावर कुठे लिहिलंय? तिनं वरपासून खालपर्यंत पाहिलं. कुठेच नव्हतं. ५० चं वचन मेसेजचं होतं, पानाचं नव्हतं. खरी लिंक फक्त एवढंच सांगत होती की अशी एक कंपनी आहे. बाकी सगळं मेसेज पाठवणाऱ्यानं पदरचं घातलेलं.

उद्या कुणी अनोळखी माणूस तुमच्या दारात आला आणि म्हणाला, ‘त्या समोरच्या शिवारातली पाच एकर जमीन स्वस्तात मिळतेय, पुढच्या वर्षी तिथून महामार्ग जाणार आहे,’ आणि हातात सातबारा ठेवला, तर? सातबारा खरा असू शकतो. जमीनही तिथे असते. पण महामार्गाचं काय? ते सातबाऱ्यावर लिहिलेलं नसतं. मेसेजमधली खरी लिंक म्हणजे तो सातबारा आहे.

आता यात पाठवणाऱ्याचा फायदा काय, तेही समजून घ्या. लहानशा, फारशी कुणाला माहीत नसलेल्या कंपनीचे शेअर ही मंडळी आधी स्वस्तात घेऊन ठेवतात. मग लाखो लोकांना मेसेज पाठवतात. त्यातले हजारभर जरी घ्यायला धावले तरी भाव चढतो, कारण अशा शेअरची खरेदी-विक्री मुळातच थोडी असते. भाव चढला की लोकांना वाटतं, मेसेज खरा निघाला, म्हणून आणखी लोक घेतात. तेव्हा ही मंडळी आपले शेअर त्यांच्याच गळ्यात मारतात आणि बाहेर पडतात. मग भाव कोसळतो.

कोसळताना विकून टाकू म्हणाल, तर तेही जमत नाही. अशा अनेक शेअरचा भाव एका दिवसात ठरावीक टक्क्यांपेक्षा जास्त उतरू देत नाहीत. समजा ही मर्यादा पाच टक्के आहे आणि तुम्ही २० रुपयांना घेतलेला शेअर रोज पाच टक्के उतरतोय. दहा दिवसांत तो १२ रुपयांच्या आसपास येतो. आणि या दहा दिवसांत तुम्ही रोज विकायला काढता, पण घेणारा कुणी नसतो. शेअर तुमच्याच नावावर राहतात.

हे काही आजचं नाही. ई-मेलच्या जमान्यातही हेच चालायचं. अमेरिकेत मार्च २००७ मध्ये तिथल्या बाजार नियामकानं, ई-मेल पाठवून भाव चढवले जात असल्याच्या संशयावरून ३५ कंपन्यांच्या शेअरचे व्यवहार थांबवले होते. आपल्याकडे शेअर बाजारावर देखरेख करते ती सेबी. सेबीनं मार्च २०२३ मध्ये साधना ब्रॉडकास्ट नावाच्या कंपनीच्या शेअरबाबत आदेश काढला. त्या शेअरबद्दल २०२२ मध्ये यूट्यूबवर व्हिडिओ टाकले गेले होते. अमेरिकेतली एक मोठी कंपनी धार्मिक चित्रपटांसाठी ११०० कोटींचा करार करणार, असलं काहीबाही त्यात सांगितलं होतं. ही माहिती खोटी होती, असं सेबीनं म्हटलं. त्या काळात कंपनीचे छोटे भागधारक दोन हजारांच्या घरात होते, ते ५५ हजारांवर गेले. मे २०२५ मध्ये सेबीनं ५९ जणांवर बंदी घातली आणि ५८ कोटी रुपयांवर बेकायदा नफा व्याजासह परत भरायला सांगितला.

बायांनो, त्या ५५ हजारांतल्या कुणी शेअर बाजाराच्या वेबसाइटवर जाऊन खात्री केली असेल, तर त्यांना काय दिसलं असेल? कंपनी खरी. भावही खरोखर चढता. साइट खरी आहे एवढ्यावर निर्णय घेतला तर असं होतं.

मग तुम्ही म्हणाल, असले मेसेज फोन अडवत का नाही? फोनमध्ये, ई-मेलमध्ये चाळणी असते. पण ती पाहते काय? लिंक बदनाम आहे का, हा नंबर पूर्वी तक्रारीत आला आहे का. ऑक्टोबर २०२४ पासून ट्रायचा नियम आहे की कंपन्यांनी एसएमएसमधून पाठवायच्या लिंक आधी नोंदवायच्या, नोंद नसलेली लिंक पुढे जाऊ द्यायची नाही. नियम चांगला आहे. पण तो व्हॉट्सॲपला लागू नाही. आणि लिंक नावाजलेल्या साइटची असेल, तर लिंक पाहणाऱ्या चाळणीला तिच्यात खोट दिसणार कशी? तांदळातला पांढरा खडा तांदळाएवढाच असला की चाळणीत सापडत नाही. तो ताटात पसरून हातानंच निवडावा लागतो. तसं हे निवडणं आपल्यालाच करायचं आहे.

कसं निवडायचं? चार प्रश्न लक्षात ठेवा.

पहिला प्रश्न. लिंक झाकली तर काय उरतं? खरंच अंगठा ठेवून झाका. उरलेला मजकूर वाचा. मग लिंक उघडून पाहिलीच तर मेसेजमधलं वचन त्या पानावर आहे का ते शोधा. नसेल, तर लिंक फक्त सजावटीला आहे.

दुसरा प्रश्न. हा सांगणारा कोण? पैसे घेऊन शेअरचा सल्ला देणाऱ्याला सेबीकडे नोंदणी करावी लागते. सल्लागाराचा नोंदणी क्रमांक आयएनए या इंग्रजी अक्षरांनी सुरू होतो, संशोधन विश्लेषकाचा आयएनएच या अक्षरांनी. नुसता क्रमांक पाहून थांबू नका, तो दुसऱ्याचा उचललेला असू शकतो. सेबीच्या वेबसाइटवर नाव आणि क्रमांक जुळतात का ते पाहा. साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून फुकट टिप येत असेल, तर तिथेच थांबा.

तिसरा प्रश्न. खात्री देतोय का? शेअरमध्ये नक्की इतकं मिळेल अशी हमी देण्याची कुणालाच परवानगी नाही. जो हमी देतो तो तिथेच पकडला गेला. लबाडाघरचं आवतण जेवल्याशिवाय खरं नाही, असं आपल्या आज्या सांगून गेल्यात.

चौथा प्रश्न. घाई करतोय का? ‘आजच’, ‘दुपारी दोनच्या आत’, ‘कुणाला सांगू नका’. आपल्या गटात दोन हजारांचं कर्ज द्यायचं तरी आपण विचारतो, कशासाठी, कधी फेडणार, कुणाची सही. ज्याला चार बायकांसमोर बोललेलं चालत नाही, तो व्यवहार गटाच्या पैशाचा नव्हे.

आता फोनमध्ये करायच्या गोष्टी. असा मेसेज नुसता पुसून टाकू नका. व्हॉट्सॲपवर असेल तर आधी त्याची तक्रार नोंदवा, म्हणजे रिपोर्ट करा, आणि मग ब्लॉक करा. एसएमएस असेल तर १९०९ वर तक्रार करता येते, ती सात दिवसांच्या आत करा. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसीत जाऊन, आपल्याला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतो ते ‘माझे संपर्क’ असं करून ठेवा. नाहीतर एक दिवस उठता आणि पाहता तर तुम्ही दोनशे अनोळखी लोकांच्या टिपांच्या ग्रुपमध्ये. तिथे आधी काही दिवस खऱ्या बातम्यांच्या खऱ्या लिंक येतात. विश्वास बसला की मग एखादं ॲप घ्यायला सांगतात, आणि ते मात्र खोटं असतं.

सगळ्यात महत्त्वाचं, असा मेसेज गटाच्या ग्रुपवर पुढे ढकलू नका. ‘खरं आहे का बघा गं’ असं लिहूनही नको. कारण तुम्ही पाठवला की तो अनोळखी माणसाचा राहत नाही, तुमचा होतो. वाचणारी म्हणते, अध्यक्ष ताईंनी पाठवलाय. ती खरी लिंक जे काम करते, तेच काम मग तुमचं नाव करतं. विचारायचंच असेल तर बैठकीत फोन हातात देऊन दाखवा.

कुणाचे पैसे गेलेच, तर लपवू नका. खोट्या ॲपमध्ये किंवा अनोळखी खात्यात भरले असतील तर लगेच १९३० ला फोन लावा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवता येण्याची आशा जास्त. स्वतःच्या डीमॅट खात्यातून टिपेवर शेअर घेतले असतील तर तो मार्ग वेगळा. मेसेज जपून ठेवा आणि सेबीच्या १८०० २२ ७५७५ या मोफत नंबरवर विचारा. पैसे परत मिळतीलच असं मी म्हणणार नाही. पण तक्रार झाली तर पुढच्या बाईला तो मेसेज जाताना अडचण येईल.

माझं म्हणणं असं नाही की शेअर बाजार वाईट आहे. ज्यांना शिकायचं आहे त्यांनी जरूर शिकावं, स्वतःच्या बचतीतून, सवडीनं. पण गटाची बचत ही कुणा एकीची नाही. तिच्यात एखादीच्या दवाखान्याचे पैसे आहेत, एखादीच्या लेकीच्या फीचे. म्हणून पुढच्या बैठकीत एक ठराव घ्या आणि कार्यवृत्ताच्या वहीत लिहा: मेसेजवरून आलेल्या कोणत्याही गुंतवणुकीसाठी गट कर्ज देणार नाही.

त्या ताईच्या गटानं हा ठराव तिथेच घेतला. तिनं रागानंच सही केली, मशीनसाठीचं कर्ज मात्र मंजूर झालं. त्या शेअरचं पुढे काय झालं ते मी पाहिलं नाही. समजा दुसऱ्या दिवशी तो वीस, बावीस झालाही असेल. तरी मेसेज खोटाच होता. भाव आधी चढवायचा असतो, म्हणून तर ते मेसेज पाठवतात.

तुमच्या गावात असे मेसेज आले असतील तर केंद्रावर कळवा, त्यातला मजकूर आपण पुढच्या कार्यक्रमात वाचून दाखवू. नाव कुणाचंही घेणार नाही. येते मी. रामराम.