घरच्या कामांची यादी
(वळसंग येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मेळाव्याच्या चालकांनी आम्हांस विषय निवडण्याची मोकळीक दिली, तेव्हा शिक्षणप्रसार, विवाहातील खर्च, समाजाचे संघटन हे नेहमीचे विषय आमच्यापुढे उभे राहिले. त्यांवर याच व्यासपीठावरून अधिकारी वक्त्यांनी पुष्कळ सांगितले आहे. आम्ही आज एका अगदी घरगुती वस्तूविषयी बोलणार आहोत. ती वस्तू म्हणजे दारामागे खिळ्याला अडकविलेला 'करावयाची कामे' या मथळ्याचा कागद. कोणाकडे तो रोजखर्डाच्या शेवटच्या पानावर असेल, तरुण मंडळींकडे मोबाईलमध्ये असेल; पण तो नाही असे घर विरळा. या कागदाची एक मौज अशी की, तो खालच्या बाजूने वाढत जातो आणि वरचे काम मात्र जेथल्या तेथे राहते!

आमच्या कागदावर गेल्या पाडव्याला एकोणीस कामे होती. त्यांत माळवदाची माती काढणे होते, बाजेची नवी सुंभ भरणे होते, वडिलांच्या पोथ्यांना पुठ्ठे बांधणे होते, पडवीतला हातमाग पुन्हा चालता करणे होते, आणि एक व्हॉल्व्हचा जुना रेडिओ बोलका करण्याची हौसही होती. कामे आपण आठवतील तशी लिहितो आणि करताना आवडतील तशी करतो. त्यामुळे पहिल्या महिन्यात पोथ्या बांधून झाल्या आणि माळवद राहिले. येथे आमच्या वडील चुलत्यांनी, आम्ही ज्यांना आप्पा म्हणतो त्यांनी, एकच प्रश्न विचारला: "यातले कोणते काम तुझ्यासाठी थांबेल आणि कोणते थांबणार नाही, ते आधी सांग." आम्ही कागद खाली उतरविला आणि यादी नव्याने लावली.

न थांबणाऱ्यांत पहिले माळवद. आपल्या दक्षिण सोलापूर तालुक्यात पाऊस मुळातच बेताचा. आणि तो जो पडतो त्याचा मोठा वाटा सप्टेंबरात, परतीच्या वेळी पडतो. म्हणूनच आपल्या पूर्वजांनी कौलांच्या उतरत्या छपराऐवजी सपाट मातीचे छत पत्करले. तुळया, त्यांवर फळ्या, त्यांवर पाला आणि चिखल, आणि सर्वांवर खारी पांढरी माती. ही माती भिजली की तिचे बारीक कण फुगून व विखरून भेगा बुजवितात आणि पाणी आत शिरू देत नाहीत. उन्हाळ्यात अशा घरात जो गारवा असतो तो सिमेंटच्या छताखाली मिळत नाही, हे येथे बसलेल्या प्रत्येकाच्या अनुभवाचे आहे. मृगापूर्वी छतावर माती टाकावयाची, पन्हळी मोकळ्या करावयाच्या, हा आपला वार्षिक परिपाठ.

परंतु या परिपाठात एक अर्धे काम हळूहळू गळाले. नवी माती घालण्यापूर्वी जुनी उकरून खाली काढावी लागते. ते कष्टाचे आणि मजुरीचे काम. म्हणून पुष्कळ घरी जुनीवरच नवी पाटी ओतली गेली. दहा फूट रुंद व बारा फूट लांब खोलीच्या छतावर वीतभर माती म्हणजे सुमारे चार टन ओझे होते. दोन-तीन पिढ्यांत ही जाडी हात-दीड हातावर गेलेली घरे आम्ही पाहिली आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर व उस्मानाबाद या जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरचे हे जडशीळ माळवद हे त्या संहाराचे एक मोठे कारण होते. तो हादरा सोलापुरापर्यंत जाणवला होता. तेव्हा ज्या घरात आपली म्हातारी माणसे निजतात, त्या छताची जाडी साण्याच्या कडेला टेप लावून एकदा मोजावी, ही आमची हात जोडून विनंती आहे. आम्ही मोजली. वैशाखात चार गडी लावून सहा दिवसांत जुनी माती उतरविली, वाळवी लागलेली एक तुळई बदलली, आणि वर वीतभरापेक्षा अधिक माती जाऊ दिली नाही. यादीतली इतर कामे त्या महिन्यात जागची हलली नाहीत. ती हलावयास नकोच होती.

दुसरे न थांबणारे काम हातमागाचे. माग लाकडाचा, तो कोरड्या जागी आणखी पन्नास वर्षे उभा राहील. न थांबणारा आहे तो माणूस. आपल्या विणकर घरांतून खड्ड्याचे माग उठले, यंत्रमाग आले, आणि मुले गिरणीत, कचेरीत, पुण्यास गेली. त्यात शोक करण्यासारखे आम्हांस काही वाटत नाही. खड्ड्यात पाय सोडून दिवसभर बसणाऱ्याच्या पाठीचे काय होते, हे आपण जाणतो. पण हौसेने का होईना, माग चालवावयाचा तर तो चालवून दाखविणारा हात हवा. ज्यांच्या घरी बंद माग आहे त्यांना एक गोष्ट आवर्जून सांगतो. माग झाडताना फणीत अडकलेली जुन्या ताण्याची टोके ओढून काढू नका. ती कचरा दिसतात. पण नवा ताणा त्याच टोकांना एकेक धागा पिळून जोडावयाचा असतो. ती टोके गेली, तर लुगड्याच्या पन्ह्याचे दोन हजारांच्या घरातले धागे फणीतून पुन्हा क्रमाने ओवावे लागतात, आणि तो क्रम जाणणारे आज किती उरले आहेत? आमच्या काकी अजून डोळे मिटून धागा पिळतात. त्या कशा पिळतात, हे आम्ही मोबाईलवर टिपून घेतले. तरी चित्र पाहून बोट वळत नाही, शेजारी बसावेच लागते. गेले चार रविवार आमची धाकटी सून त्यांच्याजवळ बसते आहे.

यालाच लागून तिसरे काम: म्हाताऱ्यांकडून ऐकून लिहून ठेवणे. याच वळसंगात इथल्या दलित बांधवांच्या विहिरीवर १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले होते. त्या वेळी दहा वर्षांचा असलेला मुलगा आज शंभरीच्या उंबरठ्यावर आहे. त्या दिवसाबद्दल, आणि पाण्यासाठी वेगळी विहीर का लागली याबद्दल, आपापल्या घरांतून काय बोलले गेले, तेही लिहून ठेवावयास हवे. केवळ आपल्या ज्ञातीची भूषणे लिहून भागणार नाही. आमची वही चाळीस पानांपर्यंत आली आहे.

आता निव्वळ हौसेची कामे. ती क्षुल्लक आहेत असे मुळीच नाही. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर हे चष्म्यांचे दुकान चालवीत आणि दिवे, अडकित्ते, दौती, दारांच्या चौकटी अशा घरगुती वस्तू गोळा करीत. अकाली गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने त्यांनी तो संग्रह उभा केला व १९७५ साली महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. त्यात सुमारे वीस हजार वस्तू आहेत. हौसेला रोजचा थोडा वेळ आणि एकच दिशा असली म्हणजे काय होते, ते बाजीराव रस्त्यावर जाऊन पाहावे. मात्र हौस दहा दिशांना धावू लागली की यादीवर नुसती गर्दी होते. आम्ही चार कामे न करताच खोडली. रेडिओ त्यांपैकीच; त्याचे व्हॉल्व्ह शोधीत फिरण्यापेक्षा तो विजेचे शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थ्याला देऊन टाकला. खोडताना जीव हळहळला खरा. पण दुसऱ्या दिवशी तो कागद पाहताना छातीवरचे ओझे कमी वाटले. बाज पावसाळ्यात घरी बसून विणली, तिच्यात सांगण्यासारखे काही नाही. एका बाजूस जराशी सैल आहे, इतकेच.

आजमितीस कागदावर सहा कामे आहेत. त्यांतले मागाचे सर्वांत पुढे. दिवाळीनंतर नवा ताणा जोडावयाचा आहे, आणि काकींच्या एकटीच्या हातांनी तो होणार नाही. येथे जमलेल्या आजींपैकी, मावशींपैकी ज्यांची बोटे अजून धागा पिळतात, त्यांनी भोजनानंतर मंडपामागच्या लिंबाखाली आम्हांस अवश्य भेटावे. जाण्यायेण्याची सोय आम्ही करू. सोबत घरातील एक नात किंवा नातू आणल्यास त्यालाही बसावयास जागा आहे.