सत्कार जरा लवकर करूया



महाबळेश्वरला आलेला पाहुणा दोन-चार पॉइंट बघतो, वेण्णा तलावात बोटीत बसतो, स्ट्रॉबेरी घेतो आणि घाट उतरतो. क्षेत्र महाबळेश्वरला गेलाच, तर पंचगंगेच्या देवळात गोमुखातून पडणाऱ्या धारेखाली ओंजळ धरतो. त्या धारेतली कृष्णा नदी इथून वाईला जाते, कऱ्हाडला कोयनेला भेटते आणि सांगलीकडे वळते. आज मी याच वाटेने खाली उतरणार आहे. वाटेत जे खेळाडू भेटतील त्यांची नावं घेणार आहे आणि नावं घेता घेता एक तक्रारही करणार आहे. आपण सातारा-सांगलीची माणसं कौतुकाला कमी पडत नाही, पण आपलं कौतुक फार उशिरा पोचतं.

कऱ्हाडजवळचं गोळेश्वर सगळ्यांना माहीत आहे. कुस्तीगीर खाशाबा जाधव तिथले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले, १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, आणि दुसरं मिळायला १९९६ साल उजाडावं लागलं. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. परत आल्यावर कऱ्हाड स्टेशनपासून गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. म्हणजे गावाने केलं, गुरुजींनी केलं. देशाला जाग यायला मात्र वेळ लागला. खाशाबा १९८४ मध्ये अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार २००० साली, मरणोत्तर. हार ज्याच्या गळ्यात घालायचा, तो माणूस जाऊन सोळा वर्षं झाली होती. आता राज्य सरकारने त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्य क्रीडा दिन म्हणून ठरवला आहे. चांगलं झालं.

तिथून पुढे वाळवा तालुक्यातलं पेठ. मुरलीकांत पेटकर या गावचे. सैन्यात बॉक्सिंग करणारा हा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाला. शरीर सावरायला म्हणून पोहायला लागला आणि १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांची वेळ देऊन सुवर्णपदक जिंकला. पॅरालिंपिकमधलं भारताचं पहिलं सुवर्ण. पद्मश्री मिळाली २०१८ साली. अर्जुन पुरस्कार, तोही जीवनगौरव म्हणून, हातात पडला २०२५ च्या जानेवारीत, वयाची ऐंशी उलटल्यावर. मधे त्यांच्यावर एक हिंदी सिनेमा येऊन गेला होता. सिनेमावाल्यांना जे सापडलं ते आपल्या समित्यांना पन्नास वर्षं कसं सापडलं नाही, हा प्रश्न मी इथेच सोडतो.

त्याच वाटेवरच्या सांगलीत जन्मलेल्या नंदू नाटेकरांकडे मात्र दिल्लीने वेळेवर लक्ष दिलं. १९५६ मध्ये बॅडमिंटनमध्ये परदेशातली स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय, आणि १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला तेव्हा पहिल्याच यादीत त्यांचं नाव होतं. तेव्हा ते अजून खेळत होते. म्हणजे मनात आणलं तर जमतं.

आता नदी सोडून जरा कोरड्या अंगाला जाऊ. माण, खटाव, आटपाडी हा आपला दुष्काळी पट्टा. माणमधल्या मोहीची ललिता बाबर तीन हजार मीटर स्टीपलचेस धावायची. या शर्यतीत अठ्ठावीस अडथळे आणि सात वेळा पाण्याच्या खड्ड्यावरून उडी असते. ज्या गावात टँकरची वाट बघावी लागते तिथली मुलगी पाणी ओलांडण्यात नाव काढते, याची गंमत माणदेशी माणसालाच कळेल. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तिने अंतिम फेरी गाठली. पी. टी. उषानंतर बत्तीस वर्षांनी भारताची एखादी मुलगी ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत उभी होती. त्याच पट्ट्यातल्या करगणीच्या सचिन खिलारीने २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये गोळा १६.३२ मीटर फेकून रौप्य मिळवलं. सोनं फक्त सहा सेंटिमीटरनी गेलं. सांगलीच्या संकेत सरगरचंही तसंच. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने वेटलिफ्टिंगच्या दोन्ही प्रकारांत मिळून २४८ किलो उचलले, पहिल्या नंबरने २४९. उचलता उचलता कोपर दुखावलं नसतं तर, असं आपण म्हणत राहतो. वडिलांची पानटपरी सांभाळत वाढलेला हा मुलगा त्या स्पर्धेत भारताला पहिलं पदक देऊन गेला, तेवढं लक्षात ठेवू.

साताऱ्याची आदिती स्वामी मला सगळ्यात जास्त विचारात पाडते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला ही सतरा वर्षांची मुलगी कंपाउंड तिरंदाजीत जगज्जेती झाली. पन्नास मीटरवरून पंधरा बाण मारायचे, एकेका खेपेला तीन. दहा गुणांचं वर्तुळ आठ सेंटिमीटरचं, चहाच्या बशीहूनही लहान. अंतिम सामन्यात तिचे गुण झाले १४९. म्हणजे चौदा बाण दहाच्या आत आणि एकच नऊवर. ज्या दिवशी ती जिंकली त्याच दिवशी पुरुषांमध्ये ओजस देवतळे जिंकला. ओजस नागपूरचा, पण शिकला साताऱ्यात, आदितीच्याच गुरूकडे, प्रवीण सावंतांकडे. उसाच्या फडाशेजारच्या मैदानावर तयार झालेले दोन शिष्य एका दिवसात जगज्जेते. साताऱ्यात मिरवणूक निघाली, फटाके वाजले. पण त्याआधीच्या वर्षांत, धनुष्याची किंमत लाखांत जाते तेव्हा, त्या मैदानाकडे किती जण फिरकले होते?

फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधवही तिरंदाजच. टोकियो ऑलिंपिक खेळला, त्याआधी २०१९ च्या जागतिक स्पर्धेत सांघिक रौप्यपदक मिळवलं. आईवडील मजुरी करणारे. या मुलात काही आहे हे प्रथम दिसलं ते जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक विकास भुजबळ यांना. त्यांनी त्याला आधी धावायला लावलं, मग क्रीडा प्रबोधिनीची वाट दाखवली आणि तिथे तो तिरंदाजीकडे वळला. खरा सत्कार मला हा वाटतो. पोरगा शाळेच्या मैदानावर अनवाणी धावतोय आणि एक माणूस थांबून त्याच्याकडे बघतोय.

आपले नेहमीचे सत्कार कसे असतात ते तुम्हाला सांगायला नको. कार्यक्रमाची वेळ सकाळी दहा. खेळाडू साडेनऊला येऊन बसलेला, सोबत आई, आईच्या मांडीवर पदकाची डबी. प्रमुख पाहुणे बाराला येतात. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, मान्यवरांची मनोगतं. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह. फोटो काढताना मान्यवर इतके पुढे सरकतात की खेळाडू दिसेनासा होतो. शेवटी सूत्रसंचालक म्हणतो, वेळेअभावी सत्कारमूर्तींनी दोनच शब्द बोलावेत. आणि ज्यांनी त्याला घडवलं ते क्रीडाशिक्षक मागच्या रांगेत, खुर्च्या लावून झाल्यावर मिळेल तिथे बसलेले.

शासनाचे जिल्हा पुरस्कार आहेत, शिवछत्रपती पुरस्कार आहे, दहावी-बारावीला खेळाचे गुण मिळतात, नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे. हे सगळं हवंच. पण ते सगळं प्रमाणपत्र हातात आल्यावरचं. आणि प्रमाणपत्र नसलेले खेळही आहेतच की. साताऱ्याच्या प्रियांका मोहितेने एव्हरेस्ट, ल्होत्से, मकालू, अन्नपूर्णा आणि कांचनजंगा अशी आठ हजार मीटरवरची पाच शिखरं सर केली. तिथे टाळ्या वाजवायला कोण असणार? आणि आमच्या महाबळेश्वरची पोरं तर कुठल्याच यादीत बसत नाहीत. २०१८ च्या जुलैमध्ये आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बस दरीत कोसळली, तेव्हा धो धो पावसात दोर बांधून जे खाली उतरले त्यांत महाबळेश्वर ट्रेकर्सची मुलं होती. हा खेळ नव्हे, मला ठाऊक आहे. पण ती ताकद, तो सराव आणि ते धाडस खेळाडूचंच आहे, आणि ते ओळखायला आपल्याकडे रकाना नाही.

म्हणून, श्रोतेहो, एक विनंती. आपल्याकडे गावोगाव यात्रा भरते, वर्गणी निघते, जंगी कुस्त्यांना इनामं लागतात. त्या वर्गणीतून थोडे पैसे बाजूला काढा. गावातली जी मुलगी तालुक्याला पहिली आली असेल तिला धावायचे बूट घ्या, एखाद्याला विभागीय स्पर्धेला जायचं एस.टी.चं भाडं द्या. कुस्ती असो, खो-खो असो, गोळाफेक असो. आणि शाळेच्या भिंतीवर एक फळा लावा. गावातून जिल्ह्यापर्यंत जो जो खेळला त्याचं नाव त्यावर रंगवा, त्याच्याखाली शिकवणाऱ्या गुरुजींचं किंवा बाईंचं नाव. येत्या १५ जानेवारीला त्या फळ्याचं उद्घाटन त्या शिक्षकांच्याच हातून होऊ द्या. मंत्री आले तर आनंद आहे, त्यांना पुढच्या खुर्चीत बसवा.

यंदाच्या यात्रेची बैठक बसेल तेव्हा हा विषय तुमच्यापैकी कुणीतरी मांडा.