कमी खर्चात देवगिरी

सुट्टी म्हटली की घरात गोव्याचा विषय निघतो. पण तिथला क्लब-कॅसिनोचा गाजावाजा लेकराबाळांच्या काय कामाचा? त्यापेक्षा देवगिरी, म्हणजेच दौलताबादचा किल्ला बघा. संभाजीनगरच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून वेरूळकडे जाणारी एसटी पकडा, सोळाएक किलोमीटरवर किल्ल्यापाशी उतरा. पुरातत्त्व खात्याच्या या किल्ल्यात पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, म्हणजे निम्मा खर्च तिथेच वाचला.

सकाळी लवकर चढायला लागा. ऊन तापलं की चढण जीव काढते. आत शिरताच तोफा, मग हत्ती हौद, भारतमाता मंदिर आणि सुमारे 63 मीटर उंचीचा चांदमिनार. चिनी महालात गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान तानाशहा कैदेत होता. जवळच मेंढा तोफ. तिच्या मागच्या टोकाला कोरलेलं मेंढ्याचं डोकं मुलांना हमखास आवडतं.

खरी मजा अंधारीत. डोंगर कोरून केलेला हा वळणावळणाचा काळोखा मार्ग शत्रूला चकवण्यासाठी होता. बॅटरी जवळ ठेवा, लहानग्यांचा हात सोडू नका. वटवाघळांचा वास येतो, तेवढा सोसावा लागतो. दम असेल तर वर बारादरीपर्यंत जा. संत एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी याच किल्ल्याचे किल्लेदार होते, हेही मुलांना सांगा.

पाणी आणि दशम्या घरूनच घ्या. दिवाळीच्या सुमारास गेलात तर रस्त्याकडेला सीताफळांच्या पाट्या दिसतील. भाव मात्र जरूर करा. वेरूळची लेणी त्याच रस्त्यावर पुढे आहेत, पण मंगळवारी बंद असतात.