दूरची मागणी आणि घरचा भाव



पुरवठा आणि मागणी यांच्या तोलावर भाव ठरतो, हे अर्थशास्त्राचे पहिले सूत्र होय. आंतरराष्ट्रीय व्यापारामुळे हे सूत्र बदलत नाही. त्याची व्याप्ती वाढते. निर्यातीच्या मालाला देशाबाहेरचे ग्राहक मिळतात, तर आयातीच्या मालाला देशाबाहेरचे उत्पादक. कांदा आणि खाद्यतेल या नित्य परिचयाच्या जिनसांतून हे स्पष्ट दिसते.

२०२२-२३ मध्ये भारतात सुमारे ३०० लाख टन कांदा पिकला आणि सुमारे २५ लाख टन निर्यात झाला. हा वाटा बारा पोत्यांतील एका पोत्याएवढा. तथापि भावावरील त्याचा परिणाम बाराव्या हिश्श्याहून मोठा असतो. कांदा महागला म्हणून घरोघरची फोडणी थांबत नाही, आणि स्वस्त झाला म्हणून कोणी दुप्पट खात नाही. मागणी अशी ताठर असली की पुरवठ्यातील थोडी घटही भाव भडकविते आणि थोडी वाढही तो पाडते.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले आणि ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातच बंद केली. शहरातील गृहिणीला दिलासा मिळावा, हा हेतू वावगा नव्हता. परंतु परदेशी जाणारा माल देशातच अडकला, भाव कोसळले आणि नाशिक जिल्ह्यात शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले. बंदी मे २०२४ मध्ये उठली. शुल्क मात्र १ एप्रिल २०२५ रोजी पूर्णपणे गेले. दरम्यान परदेशी गिऱ्हाईक दुसऱ्या देशाकडे वळले, तर ते परत आणणे कठीण असते.

खाद्यतेलाची कथा नेमकी उलटी आहे. देशाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले आणि सूर्यफूल तेलाची वाट अडली. एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे रोखली. झळ येथील किराणा दुकानापर्यंत पोहोचली.

सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलांवर २० टक्के मूळ आयातशुल्क बसविण्यात आले. तेल महागले, तरीही त्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यातील सोयाबीन ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखालीच विकले गेले. कारण सोयाबीनमध्ये तेल जेमतेम १८ टक्के. उरते ती मुख्यतः पेंड, आणि पेंडीला जगाच्या बाजारात उठाव नव्हता. मे २०२५ मध्ये तेच शुल्क १० टक्क्यांवर आले.

भाव वाढला की ग्राहकासाठी दार बंद करायचे आणि भाव पडला की शेतकऱ्यासाठी उघडायचे, या धरसोडीने दोघांचेही समाधान होत नाही. शेतकरी महिनोन्महिने आधी पैसा मातीत घालतो. सरकारी अधिसूचना मात्र एका रात्रीत निघते. म्हणून शुल्काचे धोरण पेरणीपूर्वी जाहीर व्हावे आणि हंगामभर टिकावे. टंचाईसाठी सरकारने कांद्याचा साठा वेळेवर करावा व तो वेळेवर बाजारात आणावा.

शहरात नोकरी करणारा मुलगा कांदा विकत घेतो आणि गावी त्याचा बाप तो विकतो. एकाच कुटुंबातील या दोघांना परस्परांविरुद्ध उभे न करणारे धोरण हवे.