उजनीकाठचं आमचं घर



संयोजकांनी मला ‘जेऊर ते पुणे : माझा प्रवास’ असा विषय दिला होता. तो प्रवास रेल्वेने काही तासांचा आहे आणि तुम्ही सगळ्यांनी केलेला आहे. म्हणून मी आमच्या घराबद्दल बोलते.

तुमच्यातले बरेच जण धरणग्रस्तांच्या घरचे आहेत, तुम्हाला वेगळं सांगायला नको. १९८० मध्ये उजनी पूर्ण झाली आणि आजोबांचं घर, पांढरी, भीमेकाठची काळी जमीन बुडीत गेली. उरला तो वरचा मुरमाड माळ, चौदा एकर. तिथे अण्णांनी तीन खोल्या बांधल्या. लोक हसले होते. आज पाणी त्याच माळाच्या बांधाला लागतं. हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. पाणी फार खाली गेलं की पलीकडच्या पळसदेवचं जुनं दगडी मंदिर उघडं पडतं.

गेल्या वर्षी पुण्याचं एक गिऱ्हाईक आलं. त्यांना फार्महाऊस हवं होतं. दलालाने फोटोखाली लिहिलं होतं, ‘समुद्रासारखा व्ह्यू’. भाऊ तयार होता. अण्णांच्या मागे सातबाऱ्यावर आईचं आणि आम्हा दोघांचं नाव लागलंय, त्यामुळे माझी सही लागणार होती. मी नाही म्हटलं. फोनवर बरंच काही बोलले : आजोबा, विस्थापन, मुळं वगैरे. वातानुकूलित ऑफिसात बसून असं बोलायला काही लागत नाही.

दादा ऐकून घेऊन म्हणाला, “ताई, तुला पाणी दिसतं. मला पाइप दिसतात.”

उजनीत एकूण ११७ टीएमसी पाणी मावतं, पण त्यातलं निम्म्याहून जास्त मृतसाठ्याचं. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेलं. पाणी मागे सरकलं की मोटार, केबल, पाइप सगळं चिखलातून पुढे न्यायचं, पाऊस झाला की परत ओढायचं. वीज रात्री आली तर रात्री. ऊस आणि केळी तारखा पाळत नाहीत. दादा हे एकटा करत होता, आणि मी दिवाळीला येऊन सूर्यास्ताचे फोटो काढत होते. खरं सांगायचं तर मी आणि ते गिऱ्हाईक एकाच खिडकीतून बघत होतो. फरक इतकाच, की ते पैसे देणार होते.

आईने मध्ये तोड काढली. सही करू नकोस, पण मे महिन्यात ये. मी गेले. आठ दिवस लॅपटॉप ओसरीवर आणि मी गाळात. पहिल्याच दिवशी चप्पल रुतून गेली, ती अजून तिथेच असेल. नव्या केबलचे पैसे मी दिले. दादाने ते घेतले, हिशोबाच्या वहीत माझ्या नावावर लिहिले आणि मगच जेवायला बसला.

व्यवहार यंदापुरता थांबलाय. पुढच्या वर्षी काय होईल, ते पावसावर आणि दादाच्या पाठीवर आहे.

तुम्ही सगळे घरी या. दिवाळीत आलात तर चिलापीचं कालवण मिळेल. मे महिन्यात आलात तर तेही मिळेल, पण आधी पाइप उचलावे लागतील.